विषय बदलण्याची विनंती आधी मागे घ्या

आपली मुलगी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात घाटेअळीच्या पचनसंस्थेच्या रचनेवर प्रकल्प करीत आहे, पुढेही तिला संशोधनच करायचे आहे आणि ‘अळ्या चिरून पोट भरत नाही’ हे मी तिला पटवून द्यावे, अशी आपली अपेक्षा आहे. मला खटकली ती आपण पत्रात ओझरती लिहिलेली गोष्ट : तिला न सांगता आपण तिच्या मार्गदर्शकांना भेटलात आणि विषय बदलून देण्याची विनंती केलीत. हे काळजीपोटी घडले असेल. परंतु जेथे तिची ओळख तिच्या कामावरून व्हायला हवी, तेथे तिचे निर्णय घरचे लोक घेतात असा समज आपण करून दिला आहे. हे तिला बाहेरून कळण्याआधी आपणच सांगावे.

‘कीटकाच्या शरीरात शोधण्यासारखे आता काय उरले, त्यापेक्षा कीड मारणारे औषध शोधावे,’ असे आपण लिहिता. इटालियन शास्त्रज्ञ माल्पिगी यांनी रेशीमकिड्याच्या शरीररचनेवरील ग्रंथ १६६९ मध्ये प्रसिद्ध केला, तरी हे काम अजून संपलेले नाही, कारण औषध कोठे व कसे लागू पडेल हे शरीररचनेवरही ठरते. बीटी प्रथिन, म्हणजे एका जिवाणूपासून मिळणारे कीटकनाशक प्रथिन, अळीच्या मध्यांत्रातील (आतड्याच्या मधल्या भागातील) अल्कधर्मी रसात विरघळते, तेथील विकरांमुळे (एन्झाइममुळे) कार्यक्षम होते आणि आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटून त्या पेशींना छिद्रे पाडते. हे ग्राही बदलले, तर अळी त्या प्रथिनाला दाद देत नाही. मावा सुईसारख्या मुखांगांनी पानाच्या आतला रस शोषतो, म्हणून पानाच्या पृष्ठभागावरचे जठरविष, म्हणजे खाल्ल्यावरच मारणारे विष, त्याच्या पोटात फारसे जातच नाही, तेथे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारे, औषध लागते. एकसारखे दिसणारे पतंग ओळखण्यासाठीही अनेकदा त्यांची जननेंद्रिये विलग करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात.

उत्पन्नाची आपली चिंता मात्र निराधार नाही. पीएच.डी.ला वर्षे लागतात आणि कायम पदे थोडी असतात. नुसत्या विच्छेदनाच्या कौशल्यावर विसंबून न राहता तिने ऊतींचे छेद घेणे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, रेण्वीय तंत्रे आणि संख्याशास्त्र शिकून घ्यावे. मग पीक संरक्षण आणि वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) या क्षेत्रांतही तिला वाव राहील. पात्रता व स्पर्धा परीक्षांची माहिती तिला बहुधा आपल्याहून अधिक असेल.

तिचे मन वळवण्याचे काम मी करणार नाही. मार्गदर्शकांना केलेली विनंती आपण मागे घ्यावी. तिला काही विचारायचे असेल, तर तिने स्वतः लिहावे, मी तिला सविस्तर उत्तर देईन.