मशीन वाजते तेव्हा बाळाचा श्वास खरोखरच थांबलेला असतो का?

आपण लिहिले आहे की मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली, आता दोन आठवड्यांची झाली आहे, आणि तिच्या काचेच्या पेटीजवळचे मशीन कधी ती शांत झोपलेली असतानाही वाजते, तर कधी मशीन गप्प असताना सिस्टर धावत येऊन तिच्या तळपायाला टिचकी मारतात. विश्वास मशीनवर ठेवावा की सिस्टरवर, आणि तिला साखळी गावातील घरी नेताना तसेच मशीन विकत घ्यावे का, असा आपला प्रश्न आहे. मी गोव्यातील एका रुग्णालयात नवजात शिशू अतिदक्षता विभागात बरीच वर्षे परिचारिका आहे. त्यामुळे माझे उत्तर सिस्टरच्या बाजूने झुकलेले वाटेल. ते तसे आहेच, परंतु त्याला कारण आहे.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतील श्वासाचे केंद्र अजून पक्के झालेले नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की आपला श्वास आपोआप जोराने चालू लागतो. या बाळांमध्ये ती प्रतिक्रिया मंद असते, आणि ऑक्सिजन कमी झाला तर श्वास क्षणभर वाढून नंतर उलट दबतो. श्वास 20 सेकंद किंवा त्याहून अधिक थांबला, अथवा त्याहून कमी वेळ थांबूनही हृदयाचे ठोके मंदावले किंवा ऑक्सिजन उतरला, तर त्याला ॲप्निया म्हणतात. अठ्ठाविसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाला तो होतो. मात्र पाच-दहा सेकंद थांबायचे, मग भराभर काही श्वास घ्यायचे, पुन्हा थांबायचे, अशी लय आपल्याला दिसली आणि रंग व ठोके जागेवर असले, तर तो आजार नव्हे. लहान बाळांची ती एक रीतच आहे.

आता मशीनविषयी. छातीवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून एक अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह सोडलेला असतो, आणि छाती फुगताना-बसताना त्या प्रवाहाला होणारा विरोध बदलतो; मशीन तो बदल मोजते. म्हणजे ते छातीची हालचाल मोजते, नाकातून हवा आत गेली की नाही हे त्याला कळत नाही. बाळाची मान पुढे झुकून किंवा घशात स्राव साचून वाट बंद झाली, तर छाती धडपडत राहते आणि मशीनला सर्व काही ठीक दिसते. कधी हृदयाच्या ठोक्यामुळे होणारी छातीची थरथरही ते श्वास म्हणून मोजते. उलट पट्टी सैल झाली किंवा श्वास फारच उथळ असला, तर कारण नसताना ते ओरडते. श्वास थांबण्याच्या बहुतेक प्रसंगांत केंद्राचे थांबणे आणि वाट बंद होणे ही दोन्ही कारणे मिसळलेली असतात. म्हणून पायाला बांधलेला, रक्तातील ऑक्सिजन मोजणारा लाल दिव्याचा पल्स ऑक्सिमीटर सोबत लागतोच. तोही काही सेकंदांची सरासरी दाखवतो, म्हणजे थोडा मागे असतो, आणि बाळाने पाय झाडले की चुकतो. गप्प मशीनसमोरून सिस्टर धावली, तर बहुधा तिने बाळाच्या ओठांभोवतीचा रंग बदललेला पाहिला असेल.

ती आल्यावर काय करते, हे पुढच्या वेळी नीट पाहा. आधी मान सरळ करते, खांद्याखाली घडी केलेले फडके थोडे सरकवते, मग तळपाय किंवा पाठ हळूच चोळते. त्याने श्वास परतला नाही तर नाकातोंडातील स्राव काढून मास्क आणि पिशवीने श्वास देते. घाईने भरपूर ऑक्सिजन ती सोडत नाही, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला जादा ऑक्सिजन घातक ठरतो. त्यानंतर ती तक्त्यात लिहिते: वेळ, किती सेकंद, ठोके किती उतरले, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण किती उतरले, रंग कसा होता, दूध चालू होते का, आणि बाळ कशाने सावरले. राउंडला डॉक्टर सर्वात आधी हा शेवटचा रकाना वाचतात. आपोआप सावरलेले चार प्रसंग आणि पिशवी लावावी लागलेला एक प्रसंग यांची किंमत सारखी नसते.

या तक्त्याचा खरा उपयोग बदल ओळखण्यासाठी आहे. दिवसाला दोनदा थांबणारे बाळ अचानक दहादा थांबू लागले, तर ते केवळ अपुऱ्या दिवसांमुळे आहे असे मानून चालत नाही. जंतुसंसर्ग, रक्तातील साखर कमी होणे, अंग गार पडणे, रक्त कमी असणे, आकडी, मेंदूतील रक्तस्राव, आतड्याचा आजार यांतील काही आहे का, हे तेव्हा शोधावेच लागते. त्या दिवशी पुन्हा रक्त घेतले म्हणून रागावू नये. पूर्ण दिवसांच्या बाळाचा श्वास असा थांबला, तर मात्र पहिल्या प्रसंगापासूनच कारण शोधतात.

‘एवढ्याशा जिवाला कॉफी कशाला’ असे आजींनी विचारल्याचे आपण लिहिले आहे. दिले जाते ते कॅफिन सायट्रेट, म्हणजे कॉफीतलेच उत्तेजक द्रव्य, पण मोजून: पहिली मात्रा बाळाच्या वजनाच्या दर किलोला 20 मिलिग्रॅम आणि नंतर दिवसातून एकदा 5 ते 10 मिलिग्रॅम. सव्वा किलोपर्यंतच्या दोन हजारांहून अधिक बाळांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2006 आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. कॅफिन मिळालेल्या बाळांत फुप्फुसांचा दीर्घ आजार आणि पुढे सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारा दोष, दोन्ही कमी आढळले. तेवढ्याने भागले नाही तर नाकातून सौम्य दाब देणारे सीपॅप लावतात. मोठ्या माणसाच्या शरीरात कॅफिनचे प्रमाण पाचेक तासांत निम्मे होते, या बाळांत त्याला सुमारे चार दिवस लागतात. म्हणून औषध बंद केल्यावरही साधारण पाच ते सात दिवस एकही प्रसंग न होता गेल्याशिवाय घरी सोडत नाहीत. बारसे लांबेल; लांबू द्यावे.

घरच्या मशीनबद्दल माझे मत स्पष्ट आहे: डॉक्टरांनी आपल्या बाळासाठी मुद्दाम सांगितले नसेल, तर घेऊ नये. पायमोज्यासारखी यंत्रे पाळण्यातील अचानक मृत्यू टाळतात असे सिद्ध झालेले नाही, आणि खोट्या घंटांनी आईची झोप मात्र जाते. त्यापेक्षा बाळ उताणे, सपाट, घट्ट गादीवर झोपवावे. विभागात ते पालथे ठेवलेले आपण पाहिले असेल, पण तिथे मॉनिटर आहे. राईची उशी नको, तोंडावरून दुपटे नको, झोळीत हनुवटी छातीला टेकेल असे निजवणे नको, आणि धुरी तर मुळीच नको, मग ती कोणीही प्रेमाने घातलेली असो.

घरी बाळ निळे किंवा ढिले पडले तर गदागदा हलवू नये. तळपाय चोळावा, प्रतिसाद नसेल तर तोंडाने श्वास देणे सुरू करून दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगावे. हे कसे करायचे ते डिस्चार्जपूर्वी विभागातच बाहुलीवर शिकवून घ्या. मागितल्यावर कोणी नाही म्हणणार नाही. पावसाळ्यात घरात सर्दी-खोकला असलेल्यांना बाळापासून दूर ठेवा, कारण लहान बाळात छातीच्या विषाणूसंसर्गाचे पहिले लक्षण कधी कधी श्वास थांबणे हेच असते. आणखी एक गोष्ट: या बाळांत जांघेतील हर्निया बराच आढळतो. पुढील काही महिन्यांत त्यासाठी शस्त्रक्रिया ठरली, तर मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मल्याचे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, म्हणजे भूल दिल्यानंतर रात्रभर तिला मॉनिटरवर ठेवायचे की नाही ते ठरवतील.