देश फुटला, गाडीच्या नंबराचं काय?

प्रश्न : एका देशाचे दोन-चार देश होतात तेव्हा आधीपासून रस्त्यावर असलेल्या गाड्यांच्या नंबर प्लेटचं काय होतं? त्या लगेच बेकायदा ठरतात का?

उत्तर : लगेच नाही. झेंडा मध्यरात्री बदलता येतो, पण लाखो प्लेट घडवायच्या, नोंदवह्या नव्यानं भरायच्या आणि प्रत्येक गाडीवर स्क्रू पिळायचे, तर त्याला वर्षं जातात. म्हणून नवं सरकार सहसा जुनी प्लेट काही काळ चालू देतं. चेकोस्लोव्हाकियाची वाटणी १ जानेवारी १९९३ ला झाली आणि ती इतक्या सामोपचारानं झाली, की दोन्हीकडच्या गाड्या पुढं कितीतरी दिवस जुन्याच पद्धतीचे नंबर घेऊन धावत राहिल्या. स्लोव्हाकियानं स्वतःची वेगळी पद्धत १९९७ मध्ये आणली, चेक प्रजासत्ताकानं २००१ मध्ये. तिथं कुणालाच घाई नव्हती.

जिथं वाटणी रक्तानं झाली, तिथली गोष्ट निराळी. युगोस्लाव्हियाची एक जुनी प्लेट हे लिहिताना माझ्यासमोर टेबलावर आहे. पांढरा रंग कडांना पिवळा पडलाय. डावीकडं 'एसए' ही दोन अक्षरं, म्हणजे बोस्नियाची राजधानी सारायेव्होचं पासिंग. मग बोटाला जाणवेल असा उठावाचा लाल तारा आणि पुढं आकडे. सगळ्या देशात हीच रीत होती : बेलग्रेडची गाडी 'बीजी', झाग्रेबची 'झेडजी', ल्युब्लियानाची 'एलजे'. शांततेच्या काळात ही दोन अक्षरं म्हणजे नुसती ओळख होती. १९९१ नंतर त्याच अक्षरांवरून समोरचा माणूस ठरवू लागला, की हा आपला की त्यांचा.

ही प्लेट मी सारायेव्होच्या जुन्या बाजारात एका वयस्कर विक्रेत्याकडून घेतली. त्यानं सांगितलं, की युद्ध थांबल्यावरसुद्धा बहिणीला भेटायला जाताना तो गाडी देशाच्या दोन विभागांमधल्या रेषेच्या अलीकडेच लावायचा आणि पुढं दुसऱ्याच्या गाडीनं जायचा. रस्ता उघडा होता, चौकी नव्हती. अडवायला प्लेट पुरेशी होती. त्याचं हे बोलणं ऐकल्यापासून मला नंबर प्लेट ही निव्वळ सरकारी पत्र्याची वस्तू वाटत नाही.

ही रेषा बोस्नियातली. डेटन करारानं १९९५ मध्ये तिथलं युद्ध थांबलं, पण देशात दोन मोठे विभाग राहिले आणि त्यांच्यामध्ये ही रेषा. युद्धात बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब अशा तिन्ही बाजूंनी आपापल्या प्लेट काढल्या होत्या. एकीवर लिलीच्या फुलांची ढाल, दुसरीवर लाल-पांढऱ्या चौकटींची, तिसरीवर सिरिलिक, म्हणजे सर्ब आणि रशियन वापरतात त्या लिपीतली अक्षरं. लांबूनच कळायचं, गाडीत कोणत्या बाजूचा माणूस असणार. घर सोडून पळालेल्यांना आपल्या गावी नुसती चक्कर मारायची तरी छातीत धडकी भरायची.

यावर तोडगा निघाला १९९८ मध्ये. डेटन कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणारे तेव्हाचे आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी कार्लोस वेस्टेन्डोर्प यांच्या कारकिर्दीत सगळ्या देशाला एकच प्लेट मिळाली. तीन आकडे, एक अक्षर, पुन्हा तीन आकडे. शहराचं नाव नाही, ढाल नाही, फूल नाही. अक्षरं निवडली तीही मोजकीच : ए, ई, जे, के, एम, ओ आणि टी. कारण ही अक्षरं लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांत सारखीच दिसतात आणि उच्चारही जुळतात. 'बी' का नाही? कारण तोच आकार सिरिलिकमध्ये 'व' होतो. 'पी'चा 'र' होतो, 'एच'चा 'न'. एक अक्षर चुकलं असतं तरी प्लेट कुणा एकाची झाली असती. (रशियानं १९९३ च्या आपल्या मालिकेत फक्त आकार जुळवले, उच्चार नाही. त्यामुळे त्यांना बारा अक्षरं मिळाली. पण त्यांची गरजही वेगळी होती.)

त्यानंतर रेषा ओलांडणाऱ्या गाड्या वाढल्या आणि लोक आपली पडकी घरं बघायला जाऊ लागले. २००९ पासून त्या प्लेटवर एकाऐवजी दोन अक्षरं आली, पण गाडी कुठली हे अजूनही तिच्यावरून कळत नाही. माझ्या मते जगातली सर्वांत विचारपूर्वक केलेली नंबर प्लेट हीच.

प्रश्न : मग कोसोवोत अलीकडं प्लेटवरून एवढा तणाव का झाला?

उत्तर : कारण तिथं प्लेट म्हणजेच देशाची मान्यता. १९९९ नंतर संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनानं 'केएस' अक्षरांच्या प्लेट दिल्या. २००८ मध्ये कोसोवोनं सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केल्यावर 'आरकेएस'च्या आल्या. सर्बियाला ते स्वातंत्र्य मान्य नव्हतं, तो तिथल्या शहरांच्या नावानं स्वतःच्या प्लेट देतच राहिला. म्हणजे एकाच गावात, एकाच गल्लीत दोन राज्यांच्या गाड्या. सप्टेंबर २०२१ मध्ये कोसोवोनं सर्बियाच्या प्लेट उतरवून तात्पुरत्या लावायची सक्ती केली, तेव्हा उत्तरेतल्या सर्बांनी ट्रक आडवे लावून रस्ते अडवले. महिनाअखेरीस ब्रुसेल्समध्ये तडजोड झाली : दोघांनी एकमेकांच्या गाड्यांवरच्या राष्ट्रचिन्हावर पांढरं स्टिकर चिकटवायचं. गाडी तीच, नंबर तोच, फक्त देश झाकलेला. तेवढ्यानं रस्ते मोकळे झाले. २०२४ च्या सुरुवातीला स्टिकरही गेले.

प्रश्न : गाडीच्या मागं लंबगोलात देशाची अक्षरं असतात. ती कोण ठरवतं?

उत्तर : देश स्वतः ठरवतो आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवतो. अक्षरं लॅटिन, एक ते तीन. म्हणून फुटलेल्या देशांची अक्षरंही तुटतात : युगोस्लाव्हियाचं 'वाय-यू' गेलं आणि क्रोएशियाचं 'एचआर' आलं, जे त्यांच्या भाषेतल्या ह्रवात्स्का या नावावरून आहे. स्लोव्हेनियानं 'एसएलओ' घेतलं. सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो यांच्या जोड-देशाचं 'एससीजी' तर २००६ मध्ये तो देश संपला तसं तिथंच थांबलं.

मॅसेडोनियानं 'एमके' घेतलं, पण ग्रीसला ते नावच मान्य नव्हतं. ग्रीसच्या सीमेवर त्यांच्या गाड्यांच्या प्लेटवर स्टिकर लावलं जाई. २०१८ च्या प्रेस्पा करारानं देशाचं नाव उत्तर मॅसेडोनिया झालं, तेव्हा पुढच्या वर्षी अक्षरं 'एनएमके' झाली. तोवर रस्त्यावर आलेल्या प्लेटवर मात्र 'एमके'च छापलेलं होतं. बाहेरदेशी जायचं तर गाडीवाल्यानं त्या अक्षरांवर स्वतः 'एनएमके'चं स्टिकर चिकटवायचं.