वाक्प्रचाराचे मूळ शोधताना

इंग्रजी वाक्प्रचारांच्या व्युत्पत्तीची गोडी आपल्याला लागली, याचा मनापासून आनंद वाटला. सुरुवातीला एकच पथ्य पाळा: गोष्ट रंगतदार आहे म्हणून ती खरी मानू नका, सर्वांत जुना छापील पुरावा कोणत्या वर्षाचा आहे ते आधी पाहा. ‘द होल नाइन यार्ड्स’, म्हणजे अगदी सगळेच्या सगळे, हा प्रयोग दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या मशीनगनच्या २७ फुटी, म्हणजे नऊ यार्ड लांबीच्या, काडतूस-पट्ट्यावरून आला, असे ठामपणे सांगितले जाते. परंतु अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या एका वृत्तपत्रात, बेसबॉल सामन्याच्या बातमीत, १९०७ सालीच ‘फुल नाइन यार्ड्स’ आढळते आणि १९१२ मध्ये केंटकीत तर ‘सिक्स यार्ड्स’ छापलेले आहे. जिथे आकडाच बदलतो, तिथे पट्ट्याची लांबी मोजून काय साधणार? आपल्या नऊवारीशी नाते जोडण्याचा मोहही आवरावा.