थंडीत सकाळी निपचित बसलेलं फुलपाखरू आजारी असतं का?

जानेवारीत सकाळी तुमच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर फुलपाखरू पंख पसरून बसतं, बोट जवळ नेलं तरी उडत नाही, तर ते आजारी आहे का आणि घरात घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. घरात घेऊ नका. पंख धड असतील तर बहुधा ते नुसतं गारठलंय, ऊन लागलं की उडेल.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. ओवळ्याच्या ओवळेकर वाडी या फुलपाखरू उद्यानात थंडीत भल्या सकाळी गेलं तर असंच दिसतं. ऊन झुडपांवर येईपर्यंत सगळं सामसूम, आणि मग एकेक फुलपाखरू पानावर येऊन पंख उघडतं.

आपलं शरीर आतून ऊब तयार करून ३७ अंशांच्या आसपास राहतं. बहुतेक कीटकांचं तसं नसतं. बाहेर १६ अंश असतील तर रात्रभर बसून राहिलेल्या फुलपाखराचं अंगही जवळपास तेवढंच गार. मग पचन, श्वसन, वाढ, सगळंच मंदावतं. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढलं की कीटकांच्या चयापचयाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो, उतरलं की तसाच घटतो. उडायला तर प्रचंड ऊर्जा लागते. छातीतले स्नायू ३० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय बहुतेक फुलपाखरांना नीट उडता येत नाही. म्हणून ते पाठ उन्हाकडे करून बसतं. त्यातही पंखांची टोकं फारशी कामाची नसतात, अंगाला लागून असलेला भाग तापतो आणि ती ऊब छातीला मिळते.

तगरीवर वाढणाऱ्या हॉक मॉथ या निशाचर पतंगाला रात्री ऊन कुठून मिळणार? तो उडण्याआधी जागच्या जागी पंख थरथरवतो आणि स्नायूंच्या त्या हालचालीतूनच छाती तापवतो. एकदा टॉर्च लावून बघाच, फार सुंदर दिसतं.

कुंडी सावलीत असेल तर फुलपाखराला पानासकट उन्हात सरकवा. पंख चिमटीत धरू नका, खवले निघतात.

मला खरी काळजी वाटते ती उन्हाळ्याची. आपल्याकडच्या थंडीत गारठलेला कीटक ऊब मिळाली की सावरतो, पण अंग चाळिशीच्या बरंच वर गेलं की प्रथिनं बिघडायला लागतात, अंगातलं पाणीही झपाट्याने उडतं, आणि ते नुकसान सहसा भरून येत नाही. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या अळ्या येतात, मुलं त्या हौसेने बरणीत पाळतात. ती बरणी खिडकीच्या उन्हात अजिबात ठेवू नका, बंद काचेत थोड्या वेळात भट्टी होते. आणि थंडीत कोष उघडायला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागतात, तेव्हा मेला समजून घाईने फेकू नका.