बफर कुणाच्या हातात आहे?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कौतुक वाटलं. कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला की क्वचित चित्र गोठतं, हे कळल्यावर दुसऱ्या कुणी ‘होतं कधीकधी’ म्हणून सोडून दिलं असतं. तू चालू-बंदचं चक्र फिरवत बसलास आणि चाळिसाव्या-पन्नासाव्या खेपेच्या आसपास ते अडकतं, असा हिशेब काढलास. दुसऱ्यांदा वाचताना मात्र चिडले. एवढं सगळं मोजून शेवटी विचारतोस काय, तर ‘ताई, ॲप आणि ड्रायव्हर यांच्यामधला आपला थर सगळाच नव्यानं लिहून काढू का?’

नको. निदान इतक्यात नको.

तुझ्या पत्रात म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारी कुलपं) आहेत, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत, कुठला क्लास कुठं तोडायचा याची आकृतीसुद्धा आहे. नाही तो एकच प्रश्न: या घडीला हा बफर, म्हणजे एकेक चित्र (फ्रेम) उतरवून घ्यायचा मेमरीचा तुकडा, कुणाच्या हातात आहे? ॲपच्या, आपल्या थराच्या की हार्डवेअर चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या? चौथं उत्तर नाही. ‘बहुधा ड्रायव्हरच्या’ हे उत्तर नव्हे, आणि ‘दोघांच्याही’ हे तर मुळीच नव्हे. कोडच्या ज्या ओळीवर तुला हे सांगता येत नाही, तिथंच घोडं पेंड खातंय.

व्हीफोरएलटूचा, म्हणजे लिनक्सच्या व्हिडिओ-इंटरफेसचा, करार याबाबतीत अगदी स्वच्छ आहे. क्यूबफ केलं, म्हणजे बफर रांगेत लावला, की तो ड्रायव्हरचा. डीक्यूबफनं रांगेतून बाहेर आला की तुझा. स्ट्रीमऑफ करून प्रवाह थांबवला की ड्रायव्हरकडे उरलेले सगळे एका झटक्यात तुझे. त्यांच्यासाठी वेगळं डीक्यूबफ होत नाही. कर्नेलमधली बफर सांभाळणारी चौकट, व्हिडिओबफ-टू, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनाही सोडत नाही. स्ट्रीम सुरू करताना काही बिघडलं तर ताब्यात घेतलेला प्रत्येक बफर ड्रायव्हरला परत करावा लागतो, नाही केला तर कर्नेल लॉगमध्ये बोंब ठोकतं. खाली इतकी शिस्त असताना आपल्या थरात येईपर्यंत ती जाते कुठं?

ती रिक्वेस्टमध्ये जाते. बफर ही साधी वस्तू आहे, इकडून तिकडे जाते. रिक्वेस्ट म्हणजे वचन: या सेटिंगवर एक फोटो काढ, प्रिव्ह्यूचा बफर हा घे, स्टिलचा तो घे, आणि खरोखर किती एक्स्पोजर लागलं ते मेटाडेटात (फ्रेमसोबतच्या माहितीत) सांग. म्हणजे एका वचनाला तीन धागे, आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी तुटणार. सेन्सरला दिलेलं एक्स्पोजर त्याच फ्रेमला लागू होत नाही, एक-दोन फ्रेम उशिरा लागतं, म्हणून मेटाडेटा सीक्वेन्स नंबरावरून (फ्रेमच्या अनुक्रमांकावरून) जुळवावा लागतो. अँड्रॉइडच्या एचएएल-थ्रीमध्ये (कॅमेऱ्याच्या हार्डवेअरशी बोलणाऱ्या थरात) तर एकाच फ्रेम नंबराचा निकाल तुकड्या-तुकड्यांनी द्यायची मुभाच आहे. आता सांग, प्रिव्ह्यूचा बफर ड्रायव्हरकडून परत आला आहे, पण मेटाडेटा अजून यायचा आहे, म्हणून रिक्वेस्ट पूर्ण झालेली नाही. अशा वेळी तो बफर कुणाच्या हातात आहे?

तुझ्या कोडमध्ये: कुणाच्याच नाही. ड्रायव्हरच्या यादीतून तो काढलास, ॲपला अजून दिला नाहीस. नेमकं त्याच फटीत कुणी स्टॉप केलं की तुझं फंक्शन काय करतं? ड्रायव्हरची यादी चालून तेवढ्याच रिक्वेस्ट रद्द करतं. मधला गेला. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एका फ्रेमला साधारण ३३ मिलिसेकंद, त्यातली ती फट दोन-तीन मिलिसेकंदांची असेल. म्हणून दहा-बारा खेपांत एखादाच सापडतो. तुझ्याकडे बफर चार. चार हरवायला चाळीस-पन्नास खेपा लागतात. पैज लावून सांगते, तुझा बग हाच आहे, आणि तो शोधायला एकही ओळ नव्यानं लिहावी लागत नाही.

शेअर्ड पॉइंटरचं, म्हणजे कुणी वापरत असेतो मेमरी सुटू न देणाऱ्या पॉइंटरचं, बोलते, कारण त्यावर तुझा फार जीव दिसतो. ‘सगळे बफर शेअर्ड पॉइंटरमध्ये ठेवले, आता लीक नाही’ असं लिहिलं आहेस. अरे, मेमरी जिवंत असणं वेगळं आणि तिच्यात लिहायचा हक्क कुणाचा हे ठरलेलं असणं वेगळं. शेअर्ड पॉइंटर पहिल्याची हमी देतो, दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. डीएमए-बफचा (हार्डवेअरसोबत वाटून घ्यायच्या मेमरीचा) डिस्क्रिप्टर डुप्लिकेट करून ठेवलास तरी तेच. ॲप फ्रेम वाचत असताना हार्डवेअर त्याच पानांवर पुढची फ्रेम उतरवत असेल, तर क्रॅश होणार नाही, लीक दिसणार नाही. फक्त वरचं अर्धं चित्र नवं आणि खालचं जुनं येईल, आणि तू आठवडाभर लेन्सला शिव्या देशील. बारभाईंचा कारभार आहे तो. मालक एक हवा. हातातून हातात देताना तो बदलावा, आणि बदलला हे कोडमध्ये दिसावं.

‘एरर आली तर बफर सोडून देतो’ हेही एका ठिकाणी लिहिलं आहेस. कुणाला सोडून देतोस? एरर आलेला बफरही परतच करायचा असतो, त्यावर फक्त शिक्का वेगळा. लिबकॅमेरा या लिनक्सच्या कॅमेरा-लायब्ररीत फ्रेमच्या मेटाडेटावर यशस्वी, चुकलेली, रद्द अशा अवस्था आहेत, त्या याचसाठी. तिथला पाइपलाइन हँडलरचा (रिक्वेस्ट हार्डवेअरपर्यंत नेऊन परत आणणाऱ्या भागाचा) मूळ क्लास निवांत वाच. रिक्वेस्ट पूर्ण करायचं दार एकच, आणि रिक्वेस्ट ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं बाहेर जातात. मागची आधी तयार झाली तरी पुढचीसाठी थांबते. तुझ्याकडे अशी दारं मी मोजली: पाच. यशाचं एक, टाइमआउटचं एक, स्टॉपचं एक आणि एररची दोन. त्या पाचांपैकी दोन दारं मेटाडेटाची वाटच पाहत नाहीत.

(रिक्वेस्ट झाल्याचं ॲपला कळवणारा कॉलबॅक तू लॉक धरून बोलावतोस, तेही आत्ताच सुधार. ॲप त्याच कॉलबॅकमधून पुढची रिक्वेस्ट टाकतं आणि तुझ्याच लॉकपाशी येऊन बसतं. यावर आणखी लिहीत नाही, तुला कळतं.)

आता त्या आकड्याबद्दल. बफरची संख्या कुणीतरी कधीकाळी चाराची आठ केली होती, नंतर ती परत चार झाली, आणि कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत) कारण नाही, म्हणून तू जरा तिखट लिहिलं आहेस. ते आठ माझे.

तेव्हा चाचणी सहा तासांची असायची. कॅमेरा चौथ्या तासाच्या आसपास गोठायचा. त्याआधी सीक्वेन्स नंबरांत भोकं पडायला लागायची, फ्रेम गळायच्या, पण ते मी ‘लोड असेल’ म्हणून झटकलं. साधारण तासाला एखादी खराब फ्रेम यायची, एररच्या वाटेनं तिचा बफर हरवायचा. चार तासांत चार बफर. मी आठ केले. चाचणी पास झाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! १९२० बाय १०८० ची, एनव्ही-बारा नावाच्या पिक्सेल-मांडणीतली फ्रेम म्हणजे ३१,१०,४०० बाइट. म्हणजे जास्तीच्या चार बफरांचे जवळजवळ सव्वा कोटी बाइट मी केवळ स्वतःची चूक लपवायला राखून ठेवले. पुढं जिथं कॅमेरा रात्रभर चालायचा तिथं तो पहाटे गोठायला लागला, आणि तो शोधायला माझ्यानंतर आलेल्या माणसाच्या तीन आठवड्यांच्या रात्री गेल्या. त्यानं मला कधी विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे.

तरी एक सांगते, आणि हे सबब म्हणून घ्यायचं तर घे. तेव्हा एररच्या वाटेकडे कुणीच बघत नव्हतं. रिव्ह्यूमध्ये यशाच्या वाटेवर चाळीस शेरे यायचे, एररच्या वाटेवर एकही नाही. मी एकटीनं काय केलं असतं? ...बरं, काय करायचं ते माहीत होतं. बफर मोजायचे होते. चार दिले, परत किती आले, एवढंच. अर्ध्या दिवसाचं काम होतं आणि मी ते केलं नाही, कारण चाचणी हिरवी झाली होती. म्हणून मी इतकी हट्टी झाले आहे, आणि म्हणूनच तुझ्या सुंदर आकृतीकडे न बघता तोच तो प्रश्न विचारत राहते. सहन कर.

पहिल्या पॅचमध्ये (बदलांच्या गठ्ठ्यात) रचना अजिबात बदलू नकोस. प्रत्येक बफरला फक्त मालकाचं एक फील्ड दे, आणि बफर देता-घेताना आधीचा मालक तोच आहे ना हे असर्टनं (अट मोडली की तिथंच अडवणाऱ्या तपासणीनं) तपास. स्टॉप झाल्यावर ड्रायव्हरकडे शून्य बफर आणि आपल्या थरात शून्य, नाहीतर तिथंच थांब. मग चालव. असर्ट पटापट फुटतील आणि तुला ते लगेच दुरुस्त करायची खाज सुटेल. करू नकोस, आधी सगळे लिहून काढ. दुरुस्ती एका पॅचमध्ये, रचना दुसऱ्यात. एकत्र केलंस तर उद्या काही मोडलं की कशानं मोडलं ते देवालाही सांगता येणार नाही.

मग पाच दारांचं एक कर. ते झालं की स्टॉपचा क्रम: आधी हार्डवेअर थांबव, मग हातात उरलेली प्रत्येक रिक्वेस्ट रद्दचा शिक्का मारून परत कर, मेमरी सर्वांत शेवटी सोड. आत्ता तू मेमरी आधी सोडतोस आणि हार्डवेअर थांबेल अशी आशा करतोस. आणि परत करणंही रेंगाळत नको. एचएएल-थ्रीचा फ्लश (हातातल्या सगळ्या रिक्वेस्ट परत करायची हाक) १०० मिलिसेकंदांत परतावा अशी अपेक्षा आहे आणि १००० च्या आत परतलाच पाहिजे. एवढं करून क्लास तोडावासा वाटला तर खुशाल तोड. मला वाटतं तेव्हा तो वेगळ्याच जागी तुटेल.

असर्टवाला पॅच झाला की मला रिव्ह्यूला टाक. आणि त्या जुन्या कमिटखाली कारणाची नोंद जोडणार असशील तर थांब. ती मी लिहिते, माझ्या नावानं.

तुझी,
ताई