ऊन आपलं, धूर कोणाचा?

या वेळी हवामान बदलावर प्रश्न मागवले होते आणि आले ते निम्म्याहून जास्त उन्हावरच, खान्देशी माणसाला दुसरं काय सुचणार म्हणा. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक होते ते छाटलेत. नावं कोणाचीच टाकलेली नाहीत.

प्रश्न: भुसावळला मे महिन्यात ४५-४६ डिग्री हे आम्ही आजोबांपासून ऐकतोय. मग टीव्हीवाले दरवर्षी क्लायमेट चेंजचा गजर का करतात? नवीन काय झालं? (भुसावळ)

दादा, अर्धं तुमचं बरोबर आहे. आपला भाग तापतो तो भूगोलामुळे. वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे डोंगर, मध्ये तापीचं खोरं, समुद्र लांब, जमीन काळी, आणि उन्हाळ्यात वारा येतो तोही कोरडा. उद्या जगातले सगळे कारखाने बंद पडले तरी मे महिन्यात भुसावळकराचं टाळकं तापणारच आहे, त्यात वाद नाही.

नवीन झालंय ते असं. कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण २८० भाग होता, १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास, आणि आता ४२० च्या वर गेलाय. हा गॅस सूर्याचा उजेड खाली येऊ देतो पण जमिनीतून परत निघणारी उष्णता अडवतो, म्हणून सगळी पृथ्वी तापते. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान साधारण ०.७ डिग्रीने वाढलं. तुम्ही म्हणाल पॉइंट सातने काय होतं? आखाजीचा (अक्षय तृतीयेचा) झोका बघा, तो जेवढा वरखाली व्हायचा तेवढाच होतोय पण दोर बांधलेली फांदीच कोणीतरी वर सरकवली, म्हणजे झोका वर गेला की आता पूर्वीपेक्षा वर जाणार आणि पूर्वी कधीतरीच गाठायचा ती उंची वारंवार गाठणार. ४६ नवीन नाही, ४६ चे दिवस वाढणं नवीन आहे.

आणि दुपारपेक्षा रात्रीकडे बघा. देशभरच्या नोंदींमध्ये गरम रात्री वाढल्यात. पण इथे सगळं खापर जगावर फोडू नका, कारण आपण धाब्याची, म्हणजे मातीच्या छताची घरं पाडून स्लॅब टाकले, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर तीच उष्णता खाली सोडतो, अंगणात कॉंक्रीट केलं, निंब तोडला. झोप लागत नाही याला थोडं कारण जगाचं आणि थोडं आपल्या गवंड्याचं. ही वाटणी नीट करणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण जे जगाचं आहे ते सरकारला आणि श्रीमंत देशांना विचारायचं आणि जे आपलं आहे ते गल्लीतच सोडवता येतं.

प्रश्न: मग दीपनगरच्या थर्मलमुळेच (कोळशाच्या वीज प्लान्टमुळे) आपल्याकडे जास्त गरम होतं ना? सगळे असंच म्हणतात. (वरणगाव)

सगळे म्हणतात खरं, पण नाही. प्लान्टची स्वतःची उष्णता असते, पण तिचा परिणाम आजूबाजूपुरता, आणि भुसावळ तापायचं ते थर्मल यायच्या आधीपासून. कोळशाच्या कुठल्याही प्लान्टची राख हा जवळच्या गावांचा प्रश्न आहे, तो खरा आहे, पण तो वेगळा.

चिमणीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं गणित मोठं आहे. कोळशावर १ युनिट वीज बनवली की साधारण ९०० ग्रॅम ते १ किलो गॅस निघतो, म्हणजे ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण ताकदीने चालला तर तासाला ५ लाख युनिट आणि जवळजवळ ५०० टन गॅस. पण तो वरणगाववर बसून राहत नाही, वर्षभरात सगळ्या जगाच्या हवेत मिसळतो. तसंच उलटंही, इंग्लंड-अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी जाळलेल्या कोळशाच्या गॅसचा काही भाग आजही आपल्या डोक्यावर आहे, कारण तो शेकडो वर्षं टिकतो. आजपर्यंतच्या एकूण धुरातला जवळपास पाव वाटा एकट्या अमेरिकेचा. वर्षाच्या हिशेबात भारत आज तिसऱ्या नंबरवर आहे, पण माणशी बघितलं तर आपण जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही खाली. म्हणून दीपनगरला मोकळं सोडा असं मी म्हणत नाहीये, फक्त भुसावळच्या उन्हाचा हिशेब तिथे संपत नाही.

प्रश्न: पवनचक्क्या आल्यापासून ढग पांगतात, पाऊस पळून जातो असं गावात बोलतात. (साक्री)

नाही पळत हो. चक्कीचं टोक जमिनीपासून शंभर-दीडशे मीटर, पावसाचा ढग त्याच्या कितीतरी वर आणि त्याचा पसारा मैलोन्‌मैल. साक्रीचा पूर्व भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, तिथे पाऊस आधीपासूनच रुसलेला. उलट ब्राह्मणवेलच्या चक्क्या आणि शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सोलर प्लान्ट जेवढी वीज देतात तेवढा कोळसा वाचतो. जमिनीच्या मोबदल्यावर भांडण असेल तर जरूर भांडा, ढगांची साक्ष काढू नका.

प्रश्न: माझी कांदेबाग केळी आहे. एप्रिल-मेमध्ये पानं करपतात, घड सटकतात. हिवाळ्यात वाढ थांबते. मध्ये सीएमव्ही रोगामुळे रोपं उपटून फेकावी लागली. जूनच्या वादळात बाग आडवी झाली आणि बोअरला आता पाणी नाही. कृषी केंद्रात विचारलं तर एकच उत्तर, हवामान बदल! सगळं त्याच्यामुळेच का? (रावेर तालुका)

भाऊ, तुम्ही एका प्रश्नात पाच प्रश्न विचारलेत, आणि पाचांची उत्तरं वेगवेगळी आहेत. दुकानदाराला एक उत्तर सोयीचं पडतं, आपल्याला नाही.

उन्हाचं धरा. केळीला २६ ते ३० डिग्री मानवतं, ३८ च्या पुढे झाड वाढायचं थांबतं आणि फक्त जीव वाचवतं. हवा जितकी तापलेली आणि कोरडी तितकं ती पानातून पाणी जास्त ओढते, मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत, मग कडा करपणं, घड सटकणं हे सगळं येतं. इथे हवामान बदलाचा हात पक्का आहे, कारण तापलेले दिवस वाढतायत. जुने शेतकरी बांधावर शेवरी दाट लावायचे, ती लोकांनी मध्ये जागा जाते म्हणून काढून टाकली, ती परत लावा, पश्चिमेच्या बाजूला तर नक्कीच. घड झाका, बुंध्याला पाचट टाका, ठिबक दुपारी बंद ठेवून चालणार नाही.

थंडीचं मात्र हवामान बदलावर ढकलू नका. तापीच्या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एकेरी आकड्यावर येतो हे जुनंच आहे, आणि १० डिग्रीच्या खाली केळीची वाढ थांबते, निसवायच्या (घड बाहेर पडायच्या) वेळी थंडी आली तर घड अडकतो. पृथ्वी तापते म्हणजे थंडीच पडणार नाही असं नसतं.

सीएमव्ही म्हणजे आपला हरण्या, तो विषाणू आहे आणि तो पसरवतो मावा. सलग ढगाळ, ओलं, थंडसर हवामान मिळालं की त्याचं फावतं, म्हणजे पावसाच्या लहरीपणाचा हात आहे, पण शेजारी काकडी, टोमॅटो, मिरची लावलेली, बांधावर तण माजलेलं आणि रोपं कुठून आणली याची चौकशी नाही, हे तर आपलंच ना? वादळाचंही तेच, वळवाची वादळं मे-जूनमध्ये यायचीच. केळीची मुळं उथळ आणि वर पंचवीस-तीस किलोचा घड, आधार दिला नाही तर ती आडवी होणार.

आता बोअर. हे ऐकायला कडू आहे. उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी लागतं, हजारो झाडांचा हिशेब तुम्हीच करा. रावेर-यावलमध्ये जमिनीत मुरतं त्यापेक्षा उपसा जास्त आहे, वर्षानुवर्षं आहे, ते कोळशाने केलेलं नाही, आपल्या मोटारींनी केलंय. सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा, म्हणजे दगडगोट्यांचा पट्टा पाणी मुरवायला भारी आहे, म्हणून तर तापी मेगा रिचार्जचा, म्हणजे तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या योजनेचा महाराष्ट्र-मध्य प्रदेश करार मे २०२५ मध्ये झाला. पण पाऊस बदललाय हेही खरं. हवा १ डिग्रीने तापली की तिच्यात वाफ साधारण ७ टक्के जास्त मावते, मग पडतो तेव्हा कोसळतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या रॉक्सी कोल यांच्या टीमने २०१७ मध्ये दाखवलं की गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढल्या. आठवड्याचा पाऊस दोन तासांत पडला की तो नाल्याने तापीत आणि तापीने उकाई धरणात, वावरात मुरणार कधी?

आणि एक. हवामान आधारित फळपीक विमा तुमच्या बागेची अवस्था बघून मिळत नाही, तो महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर मिळतो. ते केंद्र कुठे बसवलंय, चालू आहे का, हे गावाने मिळून बघून ठेवा.

प्रश्न: ओझोनला भोक पडल्यामुळे ग्लोबल वॉर्मिंग होतं का? आणि हे निसर्गानेच होत नाहीये कशावरून? (बारावी सायन्स, पारोळा)

बेटा, पेपरात हे दोन एकत्र लिहू नकोस. ओझोनचा थर पातळ झाला तो फ्रीज, स्प्रेमधल्या सीएफसी गॅसमुळे, त्याने वाढतात अतिनील किरणं. त्यावर १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि थर हळूहळू भरून येतोय.

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. कोळसा-तेल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यात कार्बन-१४ (कार्बनचा काळाबरोबर विरत जाणारा प्रकार) शिल्लकच नसतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये त्याचं प्रमाण अणुचाचण्यांनी ते वाढवायच्या आधीच घटत चाललं होतं, म्हणजे नवा गॅस जमिनीखालून काढून जाळलेला. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता, पण खालचा तापतोय आणि वरचा स्ट्रॅटोस्फिअर थंड होतोय. सूर्य तर सॅटेलाइटने १९७० च्या दशकाच्या शेवटापासून मोजतायत, तो वाढलेला नाही. आणि कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल हे स्वीडनच्या अरेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ मध्येच कागदावर काढलं होतं.

प्रश्न: म्हशी ढेकर देतात त्यानेही पृथ्वी तापते म्हणे. आता म्हशी विकायच्या का? (चोपडा)

नका विकू, काका. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन बनतो, तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता अडवतो, पण हवेत बारा-एक वर्षंच टिकतो. कमी दूध देणाऱ्या पाच म्हशींपेक्षा नीट चारा-पेंड खाणाऱ्या दोन परवडतात, खिशालाही आणि हवेलाही. गोबर गॅस बंद पडला असेल तर तो चालू करा. त्याहून लवकर हात घालण्यासारखं म्हणजे युरिया. पिकाने न उचललेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जोरकस आणि शंभरेक वर्षं टिकणारा. कपाशीला पाऊस बघून शेजाऱ्याने दोन गोण्या फेकल्या म्हणून आपण तीन फेकायच्या, हे थांबवलं तर पहिला फायदा तुमच्याच बिलात दिसेल, माती परीक्षण करून हप्त्या-हप्त्याने द्या, जमलं तर ठिबकमधून.