छिन्नमनस्कता आणि व्यक्तिमत्त्व विकार: ही द्विरुक्ती आहे का?

एका वाचकाने विचारले आहे, की ‘छिन्नमनस्क रुग्णांमधील व्यक्तिमत्त्व विकार आणि उपचारांचे फलित’ या शब्दरचनेत द्विरुक्ती नाही का, कारण छिन्नमनस्कता म्हणजेच दुभंगलेले व्यक्तिमत्त्व. शिवाय ‘परिणाम’ हा रुळलेला शब्द सोडून ‘फलित’ कशासाठी?

द्विरुक्ती नाही. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द ग्रीक ‘स्किझेइन’ (चिरणे) आणि ‘फ्रेन’ (मन) यांपासून घडवला. ‘स्किझेइन’ आणि संस्कृत ‘छिद्’ हे एकाच प्राचीन धातूचे वंशज असल्यामुळे ‘छिन्नमनस्कता’ हा प्रतिशब्द मला विलक्षण नेमका वाटतो. ब्लॉयलर यांना अभिप्रेत होते ते विचार, भावना आणि वर्तन यांचा परस्परांशी असलेला सांधा निखळणे. एका देहात दोन माणसे नांदणे ही कल्पना त्यात नव्हती, आणि तसे भासणारा विकार अगदी वेगळा आहे. ‘छिन्न’ तुकडे मोजत नाही, ‘दुभंग’ मात्र दोन हा आकडा सोबत आणतो, आणि गैरसमज तेथेच शिरतो. जपानमध्ये तर २००२ साली या आजाराचे मन दुभंगल्याचे सुचवणारे जुने नावच बदलण्यात आले.

व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे विचार करण्याची, भावना हाताळण्याची आणि नाती जोडण्याची, बहुधा तरुणपणापासून मुरलेली आणि स्वतःला वा इतरांना जाचणारी ताठर घडण. (येथे ‘विकृती’ म्हणू नये, मराठीत त्या शब्दाला निंदेचा वास आहे.) ही घडण आणि छिन्नमनस्कता एकाच व्यक्तीत असू शकतात. सीमारेषा सर्वत्र स्वच्छ नाही, हे खरे: स्किझोटायपल विकार (विचित्र विचार आणि वर्तन, जवळच्या नात्यांत अवघडलेपण) अमेरिकी वर्गीकरणात व्यक्तिमत्त्व विकारांत येतो, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात छिन्नमनस्कतेच्या गटात.

‘परिणाम’ हा शब्द औषधाच्या तात्कालिक गुणालाही लागतो आणि ‘दुष्परिणामा’तही असतो. ‘फलित’ म्हणताच लक्षणे किती ओसरली, आजाराने पुन्हा उचल खाल्ली का, कामधंदा आणि नाती सावरली का, हे सारे त्यात येते. औषधाने भास थांबले, परंतु स्वभावातच मुरलेल्या संशयामुळे उपचार करणाऱ्यांवर विश्वास बसला नाही आणि उपचार मध्येच सुटले, तर औषधाचा परिणाम चांगला, पण उपचारांचे फलित अपुरे, असेच लिहावे लागेल.